हेमदिदीचं स्वयंपाकघर

चौऱ्याहत्तर साली दुर्गापूजेच्या बाजारातून नवऱ्याने, दत्तात्रयने, एका खेळाचा खोका घरी आणला, तेव्हा कालिंदी आगाशेला आधी आनंदच झाला. तिच्या चित्रकथेचा खेळ निघाला होता! बालीगंजच्या शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात सहा वर्षं तिने एका बंगाली मासिकासाठी हेमदिदी काढली होती. निवृत्त नर्स, गुडघे कुरकुरणारे, पण नजरेतून काही न सुटणारी गुप्तहेर.

खुनी शोधायचा हा खेळ सोपा होता. खोल्यांची चित्रं मांडायची, संशय येईल त्या वस्तूवर बोट ठेवायचं आणि तिथल्या आकड्याचं कार्ड उघडायचं. चित्रं तिचीच होती. खोक्यावर मात्र सुटाबुटातला एक मिशाळ गुप्तहेर उभा होता, आणि हेमदिदी त्याच्यामागे चहाचा ट्रे घेऊन. कालिंदीचं नाव कुठेच नव्हतं.

"जाऊ दे गं," दत्तात्रय म्हणाला.

"का जाऊ देऊ?" ती जोरात ओरडली. मग तिने तो खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून बघितला.

दुसऱ्या दिवशी ती खोका घेऊन कॉलेज स्ट्रीटवर मासिकाच्या प्रकाशकाच्या कचेरीत गेली. प्रकाशक शिशिरबाबू तीन दुकानदारांना चहा पाजत होते.

"या दिदी! तुमचा खेळ जोरात आहे."

"माझा? मग माझं नाव कुठाय?"

"जागाच नव्हती हो. आणि गुप्तहेर बाई असली की मुलगे हात लावत नाहीत."

"सहा वर्षं लावत होते की!"

तिने कप बाजूला सारले आणि टेबलावर खोक्यातली चित्रं मांडली. "शोधा खुनी."

शिशिरबाबू हसत खेळायला बसले. दुकानदारही वाकले. प्रत्येक कपाटावर, उशीवर, घड्याळावर बोट फिरलं. अर्ध्या तासाने हसू मावळलं.

"एकतीस नंबरचं कार्ड उरलंय, पण तो आकडा कुठल्याच चित्रात सापडत नाही," एक दुकानदार म्हणाला.

"सापडणार कसा? तो औषधाच्या चमच्यावर आहे. चमचा स्वयंपाकघरात, आणि ते चित्रच यांनी गाळलंय!"

"पुरुष गुप्तहेर चुलीपाशी बरा दिसत नाही..." शिशिरबाबू पुटपुटले.

"म्हणजे हा खेळ सुटतच नाही?" दुकानदार उठले.

"थांबा, थांबा! दिदी, तेवढं चित्र घालू. तुमचं नावही देतो, मागच्या बाजूला."

"आणि हेमदिदी?"

"खोक्यावरचं चित्र आता छापून झालंय."

कालिंदीने सरळ कपाट उघडलं आणि आपल्या मूळ चित्रांचा गठ्ठा काखेत मारला.

"अहो, ती कचेरीची आहेत!"

"हात लावून दाखवा."

कुणी लावला नाही. गठ्ठा घट्ट धरून ती जिना उतरली.

स्वयंपाकघराचं चित्र मागणारी शिशिरबाबूंची दोन पत्रं आली. पहिलं तिने फाडलं. दुसऱ्यावर लाल शाईने लिहिलं, 'आधी हेमदिदीला पुढे उभं करा,' आणि परत धाडलं. त्यांनी तसं केलं नाही. पुढच्या वर्षी हेमदिदी दुसऱ्या मासिकात सुरू झाली, कालिंदीच्या नावासह. राग मात्र ओसरला नाही. कुठल्या दुकानात तो खोका दिसला की ती आत शिरायची आणि गिऱ्हाइकांसमोर खणखणीत बंगालीत सांगायची, "घेऊ नका. यातला खुनी मोकळाच राहतो."