उंबऱ्यावरच्या चार बाटल्या

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शिवाजी पेठेतल्या त्या बोळात सॅनिटायझर प्रत्येक दाराशी होतं. वासाची परीक्षा मात्र एकाच दाराशी होती, आणि परीक्षक होती क्रांती.

क्रांती बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, डिस्टिंक्शनसह. लग्नानंतर त्या डिस्टिंक्शनचा उपयोग दही विरजण्यापलीकडं कुठं झाला नव्हता. त्यामुळं साथ आली तेव्हा ती राखीव खेळाडूसारखी बूट बांधून तयारच होती. तिची गिरिजा दीड वर्षांची. जन्मली तीच सातव्या महिन्यात, आणि पहिल्याच थंडीत न्यूमोनिया होऊन आठ दिवस दवाखान्यात होती. त्या पोरीच्या छातीत पुन्हा काही शिरू द्यायचं नाही, एवढंच क्रांतीला हवं होतं. बाकी जगाचं जगानं बघावं.

तिनं मोबाईलवर कुठंसं वाचलं की कित्येकांना ताप येतच नाही, आधी वास जातो. म्हणून बाहेरच्या देशांत आत सोडण्याआधी माणसाला वास घ्यायला लावतात. झालं. ग्राईपवॉटरच्या चार रिकाम्या बाटल्या उकळल्या गेल्या आणि त्यांत कॉफी, लवंगा, हिंग आणि कांदा-लसूण चटणी भरली गेली. आल्या माणसानं मास्क खाली करायचा, डोळे मिटायचे आणि चारांतले तीन वास ओळखायचे. मग आत.

पहिला मान नवऱ्याचा. संगमेश शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कामावर सुपरवायझर. दिवसभर तापलेल्या वाळूशेजारी उभं राहून आलेल्या त्या माणसानं चटणीची बाटली नाकाला लावली आणि उंबऱ्यातच ओळीनं सहा शिंका दिल्या. जो रोग दाराबाहेर ठेवायचा, त्याची याहून चांगली सोय करता आली नसती, हे मायक्रोबायोलॉजीला तेव्हा उमगलं. चटणीच्या जागी वेलदोडा आला. दूधवाल्या गणपतरावांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी, वास झकास आहे, दूध किती घालू, एवढंच विचारलं, आणि चौथ्या दिवसापासून ते कॅन पायरीवर ठेवून लांबूनच हॉर्न वाजवू लागले.

सासूबाईंना घरात सगळे आव्वा म्हणत. त्या देवळाकडं, बाजाराकडं जाऊन आल्या की न कुरकुरता परीक्षेला बसत आणि रोज चारांतले चार मिळवत. क्रांतीला त्यांचा अभिमान वाटू लागला होता. मग एके दिवशी तिचं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. वास घेण्याआधी आव्वा बाटली हळूच हलवत होत्या. लवंगा खुळखुळत, वेलदोडे जरा बद्द वाजत, हिंगाचा खडा टक्क करी, आणि कॉफी गप्प बसे.

क्रांतीनं सगळ्याची पूड केली. आव्वा चारही चुकल्या.

मग खरं बाहेर आलं. तीस वर्षं तपकीर ओढून ओढून त्यांचं नाक कधीचं बंद पडलं होतं. आमटीला फोडणी बसली की नाही तेसुद्धा त्या आवाजावर ओळखत. क्रांतीनं शांतपणे निकाल दिला की आव्वांना रोग झाला तरी कळायचा मार्ग नाही, म्हणून साथ ओसरेपर्यंत त्यांनी गिरिजाला उचलून घेऊ नये. संगमेशनं बोलायला तोंड उघडलं आणि बायकोचा चेहरा बघून जांभई दिली. आव्वा बाहेरच्या खोलीत बाजेवर बसायला लागल्या, आणि गिरिजा दाराच्या फळीपलीकडून त्यांच्याकडं हात करून रडायला लागली. तो आवाज क्रांती चार दिवस ऐकत राहिली. ऐकत राहणं म्हणजेच जबाबदारी, असं तिनं मनाला बजावलं.

पाचव्या दिवशी सकाळी ती ओट्याशी उभी राहून बाटल्यांत ताजी पूड भरत होती. शेजारी शेगडीवर दूध होतं. पलीकडच्या घरातून स्नेहलनं खिडकीतून हाक मारली.

"क्रांती, दूध करपलंय बघ गं कुणाचं तरी. तुझं तर न्हाय?"

क्रांतीनं सांगितलं की ती दुधाजवळच उभी आहे. मग सहज झाकण काढलं. दूध आटून तळ काळा झाला होता. ती पातेल्यात जवळजवळ डोकं घालून उभी राहिली. काही नाही. गरम वाफ लागली, तेवढंच.

पण असं कसं? रोज सकाळी ती आधी स्वतःची परीक्षा घेई, आणि रोज चारांतले चार मिळवी. आजही मिळवले होते. अर्थात बाटल्या तिनंच भरलेल्या असत.

ती मास्क लावून आव्वांसमोर जाऊन बसली, डोळ्यांवर ओढणी बांधली, मास्क नाकाखाली ओढला आणि हव्या त्या क्रमानं बाटल्या नाकाशी धरायला सांगितल्या. पहिली आली. क्रांती म्हणाली लवंग. दुसरी आली. ही हिंग, तिनं जरा जोरात सांगितलं. तिसरीला ती थांबली, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, वेलदोडा, नक्की.

"रिकामी हाय पोरी, भरायची ऱ्हायल्याली," आव्वा म्हणाल्या. "तीनी येळंला तीच धरली हुती."

डिस्टिंक्शनवालीला जे दोन आठवडे सुचलं नव्हतं, ते तिसरी शिकलेल्या बाईनं बसल्या जागी केलं होतं. क्रांतीला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. गेले काही दिवस गिरिजाला कवेत घेऊन कोण निजत होतं?

दुपारी सगळ्यांचे स्वॅब गेले. क्रांती पॉझिटिव्ह. बाकीचे निगेटिव्ह, पण डॉक्टरांनी पाच दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं आणि तोवर आईनं लेकराजवळ जायचं नाही. संगमेश दिवसभर कामावर. लेकराला सांभाळायला घरात उरलं एकच माणूस, जे परीक्षेत चारही बाटल्यांना नापास झालं होतं.

क्रांती माडीवर गेली. जाताना तिनं आव्वांना सूचनांचा कागद दिला. आव्वांनी तो घडी करून पोलक्यात ठेवला आणि हात पुढं केले. गिरिजा त्यांच्याकडं अशी झेपावली की आईला जरा वाईटच वाटलं.

पाच दिवस क्रांती वरून विचारत राहिली, पाणी उकळलं का, श्वास मोजला का, छाती घरघरतेय का. आव्वा खालून उत्तरं देत राहिल्या, कधी खरी, कधी तिला गप्प करण्यापुरती. सहाव्या दिवशी संगमेशनं खालून अंगठा दाखवला. दोघी पुन्हा निगेटिव्ह. क्रांती खिडकीखाली फरशीवर बसली आणि पोटभर रडली. मग नाक शिंकरून पुन्हा खिडकीत आली.

अंगणात आव्वा न्हाऊ घातलेल्या गिरिजाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. क्रांतीनं कान पुसले का विचारलं. टॉवेल धुतलेला होता का विचारलं. आणि मग, विचारायचं नसताना, विचारलं.

"आव्वा, तिच्या टाळूला वास कसा येतोय?"

विचारल्यावर तिनं जीभ चावली.

आव्वांनी वर बघितलं. "मला काय म्हाईत? ही व्हायच्या आधीच माझं नाक गेल्यालं." त्यांनी गिरिजाच्या टाळूवरून हात फिरवला. "कसा असतोय गं?"

क्रांती सांगू लागली. दुधासारखा, म्हणाली. मग नाही म्हणाली, दुधाचा नव्हे, उन्हात वाळलेल्या दुपट्याचा, त्यात जरासं तेल, आणि झोपेतून उठल्यावर थोडा घामट, पण चांगला घामट. सांगता सांगता तिचे शब्द संपले, तरी ती हातानंच काहीतरी दाखवत राहिली.

खाली आव्वांनी डोळे मिटून नाक टाळूला टेकवलं होतं.

"हां," त्या म्हणाल्या. "फुडं सांग."