काळूराम सुधारला

कावळ्याने यापुढे चोरी करायची नाही, असं ठरलं. ठरवलं कोणी? तर तनयाने. वय सव्वीस, लहान मूल कधी अर्धा तास सांभाळलेलं नाही, आणि वारज्याच्या स्टुडिओत छोट्यांच्या बाहुल्यांच्या मालिकेची मुख्य लेखिका!

"द्वारकाताई, चोरी फार निगेटिव्ह वाटते. आपला काळूराम आता हात धुतो, शेअर करतो, थँक्यू म्हणतो."

"कावळ्याला हात?" द्वारकाने विचारलं. "बरं, बरं. तुम्ही शिकलेली माणसं."

द्वारकाने कसबा पेठेत तीस वर्षं बालवाडी चालवली होती. हातात घालायचा हा कापडी कावळा तिथलाच, आणि मालिकेतही तो तीच नाचवायची. तो चकल्या पळवायचा, धडधडीत खोटं बोलायचा, सापडला की भोकाड पसरायचा. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. या दीडशहाण्यांनी त्याचा पार कीर्तनकार करून टाकला म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

शनिवारी कोथरूडची पंधरा मुलं चाचणीला येणार होती. त्यांना नवा काळूराम आवडला नाही तर जुना परत. आवडला तर जुना कायमचा गेला. द्वारकाने ठरवलं, शब्द यांचेच म्हणायचे, पण हात मेल्यासारखा ठेवायचा. होऊ दे फजिती.

शनिवारी ती कावळा हातात घालून टेबलामागे पडद्याच्या फटीशी लपून बसली. "मित्रांनो, चला, हात धुऊ या," कंडक्टरने पुढचा स्टॉप सांगावा तशी म्हणाली. मुलं जांभया देऊ लागली. एकाने बूट काढले. तनयाचं तोंड उतरलं आणि द्वारकाला आतून गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात एक चिमुरडी उठून टेबलापाशी आली. "काळू, तुला बरं नाही का?"

असं कोणी विचारल्यावर हा हात जन्मात कधी गप्प बसला नव्हता. आजही बसेना! कावळ्याने मान वर केली, डोळे पुसले, आणि तिच्याच कपाळाला चोच लावून ताप बघितला. मुलं खिदळली. मग त्याने हात असे धुतले की पाणी उडालं समजून पोरं किंचाळत मागे सरकली. त्याने थँक्यू म्हटलं, तर पंधराही जणांनी उलट थँक्यू केलं. शब्द सगळे तनयाचे होते.

खेळ संपल्यावर तनया द्वारकाच्या गळ्यात पडली. "ताई, स्क्रिप्ट काय चाललं हो! असेच बावन्न भाग लिहिते."

द्वारकाने कावळा उतरवला. "फितूर मेला!" ती म्हणाली.

तनयाला वाटलं, कावळ्याला म्हणाली. पण द्वारका स्वतःच्या हाताकडे बघत होती.