मापाचा डोळा

जगात खऱ्या अर्थाने सरळ अशा दोनच गोष्टी आहेत, असं मुकादम नेहमी सांगत: एक ओळंब्याची दोरी आणि दुसरे ते स्वतः. मंगळवारी सकाळी त्यातली पहिली वाकडी झाली.

झालं असं, की न्हाणीघराच्या दाराची जुनी चौकट खालून कुजली होती, म्हणून सुताराने नवी बसवली. हा सुतार कोणी उपटसुंभ नव्हता. मुकादम बांधकामांवर हुकूम सोडत होते तेव्हापासून तो त्यांच्या हाताखाली होता, आणि मुकादम निवृत्त झाल्यावरही त्यांच्या घरचं खुट्ट वाजलं की तोच यायचा. चौकट उभी करून तो बाजूला झाला. मुकादमांनी ओळंबा सोडला, डावा डोळा मिटला आणि उजवा लावला. जन्मभराचा शिरस्ता होता तो. डावा डोळा जेवण, वर्तमानपत्र आणि सासुरवाडीची माणसं बघण्यासाठी. मापाचा डोळा उजवा.

"दोरी वाकडी आहे," मुकादम म्हणाले.

सुताराने आधी दोरीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मुकादम, खाली एवढा गोळा लटकलाय. दोरी वाकडी राहील कशी?"

"ते मला काय विचारतोस? दोरी बनवणाऱ्याला विचार. हल्ली मालच तसा येतो."

दोरी बदलली. नवी दोरीही मधोमध पोट काढून लोंबत राहिली. तेव्हा मुकादमांनी ओळंबा गुंडाळून ठेवला आणि नुसत्या नजरेवर निकाल दिला. "कडीच्या उंचीवर चौकटीला पोट आलंय. रंधा मार."

"मी गुण्या लावून काटकोन बघितलाय."

"गुण्या तुझाच ना? मार रंधा."

सुताराने रंधा मारला. मुकादमांनी डोळा लावला. "अजून आहे." पुन्हा रंधा. "अजून." न्हाणीघरापुढे ढलप्यांचा ढीग झाला, तेव्हा मुकादमांची बायको आतून म्हणाली, "अहो, थोडी चौकट राहू द्या. नाहीतर मी पडदा लावून घेते."

शेवटी सुताराने रंधा खाली ठेवला. "आता अजून मारला तर खड्डा पडेल. पडलाच आहे."

यावर मुकादम जे बोलले ते जिन्यापाशी उभं राहून, बांधकामावर चौथ्या मजल्यापर्यंत पोचायचा त्या आवाजात बोलले. "तुझा हात गेलाय आता! पोट कुठलं नि खड्डा कुठला, तेही कळेना तुला!"

सुताराने दार चौकटीला अडकवलं, हत्यारं पिशवीत भरली, ढलप्या झाडून घेतल्या आणि गेला. पण इमारतीत सरळ-वाकड्याच्या बाबतीत मुकादमांचा शब्द शेवटचा. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई त्याच्याकडून स्वयंपाकघरातली कपाटं करून घेणार होत्या. त्यांनी त्याला जिन्यातच गाठून सांगितलं, "सध्या राहू दे हं, पुढे बघू." पुढे बघू म्हणजे काय, ते सुतारांना चांगलं कळतं.

सुतार गेला, पण वाकडेपणा राहिला. मुकादम खिडकीत बसून नीट निरखू लागले, तो समोरच्या इमारतीचा कोपरा बाहेर आलेला. रस्त्यावरचा दिव्याचा खांब कमरेत लचकलेला. त्यांना वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं समाधानही वाटलं. आपण निवृत्त झाल्यावर हे असं होणार, हे ते आधीपासून म्हणत होते.

मुलगी भेटायला आली तेव्हा त्यांनी तिला खांब दाखवला.

"सरळ आहे की, बाबा."

"असा एक डोळा मिटून बघ."

"मी बघते. तुम्ही आता उजवा मिटून बघा."

"मापाचा डोळा मिटून माप घेतात होय?"

"मिटा ना!"

मुकादमांनी उजवा मिटला. खांब झटक्यात ताठ झाला. कोपराही आत गेला. मुकादम म्हणाले, "बघितलंस? डावा फसवतोय. याला पहिल्यापासून कामाची सवयच नाही."

मुलीने वाद घातला नाही. ती त्यांना थेट डोळ्यांच्या दवाखान्यातच घेऊन गेली. बायकोही बरोबर निघाली. डॉक्टरांपुढे नवरा काय काय नाकारतो ते तिला ऐकायचं होतं.

डॉक्टर मुलीच्याच वयाची होती. तिने मुकादमांचा डावा डोळा झाकला आणि बारीक चौकटी आखलेलं एक कार्ड समोर धरलं. "मधल्या ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

"छपाई भिकार आहे. मधल्या रेघा उचलल्यात."

तिने उजवा डोळा झाकला. "आता?"

"हे कार्ड चांगलं आहे. असली वापरत चला."

"कार्ड तेच आहे, काका."

बायकोने छताकडे पाहिलं.

मग यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतला फोटो काढला. यंत्राच्या पडद्यावर एक सपाट पट्टा दिसत होता आणि त्याच्या मधोमध टेंगूळ. डॉक्टरने त्यावर बोट ठेवलं.

"वयाबरोबर डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. तिथल्या पेशींची उपासमार व्हायला लागली की त्या घाबरतात, आणि एक प्रथिन सोडतात. वाढीचा घटक म्हणतात त्याला. तो रक्तवाहिन्यांना सांगतो, इकडे वाढा, नवे फाटे काढा. फाटे फुटतात, पण घाईचं काम. भिंती कच्च्या. पाणी झिरपतं, पडदा खालून फुगतो, आणि सरळ रेघ वाकडी दिसते."

"विनापरवाना बांधकाम," मुकादम पुटपुटले. "हुकूम कोणाचा?"

"तुमच्याच पेशींचा."

"माझ्या?"

"त्यांचा हेतू चांगला असतो, काका."

"कोसळलेल्या प्रत्येक कामावर मी हेच ऐकलंय." मुकादम खुर्चीत पुढे सरकले. "हा घटक समूळ बंदच करून टाका."

"समूळ नाही करता येत. थोडा हवाच असतो. जखम भरायला लागतो, पडद्यातल्या पेशींना तगून राहायलाही लागतो. जास्तीचा तेवढा अडवायचा. त्यासाठी इंजेक्शन आहे."

"दंडावर?"

"डोळ्यात."

बायको मध्येच म्हणाली, "डोळ्यात म्हणजे डोळ्यातच, की शेजारी कुठेतरी?"

"डोळ्यातच. आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागेल, कारण औषध ओसरलं की पेशी परत मागणी लावतात."

"आणि नाही घेतलं तर?" मुकादमांनी विचारलं. हा आवाज जिन्यातला नव्हता.

"तर मधोमध कायमचा डाग पडेल. कडेकडेचं दिसेल, बघायचं ते दिसणार नाही. घेतलं, तर पाणी ओसरून रेघा बऱ्याच सरळ होतील. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. उशीर किती झालाय, त्यावर आहे सगळं."

घरी येताना बायकोच म्हणाली, "सुताराला काय सांगणार?"

"आधी डोळा तर बघू," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच चालढकल असावी.

इंजेक्शनच्या दिवशी त्यांनी शूरपणाची जय्यत तयारी केली होती. दात आवळले, खुर्चीचे हात घट्ट धरले, डॉक्टरने सांगितलं तसं वर पाहिलं. "करा सुरू," ते म्हणाले. "झालं पण," डॉक्टर म्हणाली. एवढा शूरपणा वाया गेल्याचं त्यांना घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. रस्त्यावरचा खांब हळूहळू सरळ होत गेला, आणि यात वीजखात्याचा काडीचाही हात नव्हता. मधोमध जरा खाली एक करडा ठिपका तेवढा राहिला, काचेवर बोट उमटावं तसा. तो पुसता येणार नव्हता.

मग एका सकाळी मुकादमांनी ओळंबा काढला, डावा डोळा मिटला आणि चौकटीपुढे उभे राहिले. दोरी सरळ होती. चौकटीला कडीच्या उंचीवर चांगला खोलगट खड्डा होता. दार लावलं की फटीतून बोट आरपार जात होतं.

नेमक्या त्याच वेळी मास्तरीणबाई वर आल्या, आणि उघड्या दारातून त्यांनी तो खड्डा पाहिला. "अगं बाई! मुकादम, तुमचं अगदी खरं हो. हात गेलाच म्हणायचा त्याचा. बरं झालं, माझं काम मी थांबवलं ते."

पुरावा समोर उभा होता, आणि तो सगळाच्या सगळा मुकादमांच्या बाजूचा होता. डॉक्टर सोडली तर डोळ्याचं खरं तिघांनाच ठाऊक, आणि तिघंही घरचेच. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"हं," मुकादम म्हणाले.

मास्तरीणबाई जिना उतरू लागल्या. त्या वळणावर पोचल्या असतील नसतील, तोच वरून तो चौथ्या मजल्यापर्यंत पोचणारा आवाज आला.

"मास्तरीणबाई! चौकट सरळ होती! मी वाकडी करून घेतली! माझा डोळा गेला होता, त्याचा हात नाही!"

दोन-तीन दारं उघडली. मास्तरीणबाई वर बघत राहिल्या. "कुठला डोळा?"

"मापाचा."

"मग माझी कपाटं?"

"त्यालाच द्या. आणि माझ्याकडून तपासून घेऊ नका."

मुकादम घामाघूम होऊन आत आले. बायको म्हणाली, "छान. पण हे जिन्याला सांगून भागणार नाही. त्याला सांगा."

सुतार आला. नवं लाकूड घेऊनच आला. जिन्यातली बातमी त्याच्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? आल्याआल्या त्याने जुनी चौकट काढली, नवी उभी केली, गुण्या लावला, ओळंबा सोडला. मुकादम लांब उभे होते. ओळंब्याजवळ आले नाहीत.

दार बसवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी घसा साफ केला. सकाळपासून घोकून ठेवलेलं होतं.

"ऐक. माणसाच्या डोळ्यात पडदा असतो. पडद्यातल्या पेशींची उपासमार झाली की त्या घाबरतात, आणि घाबरल्या की भलते हुकूम सोडतात. वाईट नसतात त्या. फक्त घाबरलेल्या असतात. सगळ्या कामाची नासाडी होते, आणि बोल लागतो तिसऱ्यालाच." मुकादम थांबले. पुढचं घोकलेलं नव्हतं. "दोरी वाकडी दिसली ना, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं थोडं. पण दोरी सरळ असेल तर मग वाकडं काय, हे विचारायची छाती झाली नाही रे. तुझा हात गेला म्हणालो. एवढी वर्षं ज्या हातावर मी..."

सुतार पाठमोरा होता. खांद्याने दार रेटून धरलेलं, एका हातात पेचकस, ओठांत स्क्रू. त्याने मान जराशी वळवली, स्क्रू ओठांच्या कोपऱ्यात सारले आणि म्हणाला,

"मुकादम, बिजागरीचं भोक जुळेना. दार जरा वर उचलता का?"