एका बाजूला साडेतेहेतीस

सकाळी आठपासून तराजू लोखंड उचलत होता. वेटलिफ्टिंगची स्पर्धा दुसऱ्यांची, पदकं दुसऱ्यांची, आणि बारवर प्लेटा चढवायला हा एकटा! ठरले होते तिघं. एकाची कंबर धरली, दुसरा जेवायला म्हणून गेला तो गेलाच. दुपारी चारपर्यंत तराजूच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

तराजू हे काही त्याचं नाव नव्हे, पण वीस वर्षांत त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. आकडा पुकारायचा अवकाश, याचं गणित तयार. आकड्यातून बार वजा करायचा, बायकांचा असला तर पंधरा किलो. टोकांना घट्ट करायच्या दोन लोखंडी कॉलरी वजा करायच्या, अडीच-अडीच, म्हणजे पाच. उरेल त्याचे दोन भाग. कागद नाही, पेन नाही. संघटनेचा चिटणीस कौतुकाने सांगायचा, "आमचा तराजू झोपेतसुद्धा चुकायचा नाही."

आज मात्र त्याला झोपच हवी होती. आणि शेवटची उचल होती त्याच्याच लेकीची, चिमीची. लहानपणी मुठीएवढी होती म्हणून चिमी. आता बापाला उचलून बाजूला ठेवील अशी. संघात एकच जागा रिकामी. डॉक्टरीणबाईंच्या मुलीने शहाऐंशी उचलून ठेवलेले. चिमीचे चौऱ्याऐंशी कसेबसे गेले होते, दातओठ खात. वय सव्वीस, पुढच्या वर्षी तिला कोण विचारतंय?

"सत्त्याऐंशी!" पुकारा झाला.

पंधरा गेले, पाच गेले, राहिले सदुसष्ट. एका बाजूला साडेतेहेतीस. आधीचे होते बत्तीस: पंचवीस, पाच, दोन. त्याने दोनची काढली, अडीचची आणि एकची चढवली, दोन्हीकडे. कॉलर घट्ट करायला गेला तर आटेच झिजलेले, नुसती गरागरा फिरतेय. चिटणीस ओरडला, "अहो, घड्याळ चाललंय! तारेच्या क्लिपा लावा नि व्हा बाजूला." तराजूने क्लिपा लावल्या, दोन्ही कॉलरी खुर्चीखाली सरकवल्या आणि हाशहुश करत बसला.

चिमी आली, वाकली, आणि काय सांगायचं, बार असा वर गेला की बघणारे बघतच राहिले. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले. टाळ्या, शिट्ट्या. चिमी हसत होती, तोंडभरून. कित्येक महिन्यांत घरातही ती अशी हसली नव्हती.

तराजूही टाळ्या वाजवायला उठला आणि त्याचा पाय खुर्चीखालच्या कॉलरींना लागला. या वजा केल्या होत्या, पण बारवर नव्हत्याच! आणि क्लिपांना वजन ते काय, कपड्यांच्या चिमट्यांएवढं. पोरीने ब्याऐंशीच उचलले होते.

हात वर करायचा आणि माझी चूक झाली म्हणायचं, एवढंच काम. हात वर गेला नाही. कुणाला कळणार होतं? प्लेटा उतरवणारही हाच. इतकी वर्षं सगळ्या दुनियेचं चोख मोजलं, एकदा आपल्या पोरीसाठी नाही मोजलं तर काय आभाळ कोसळणार आहे? त्याला स्वतःची लाज वाटली, भयंकर वाटली, आणि तरीही हात खालीच राहिला.

चिमीने त्याच्याकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं. मग ती पंचांकडे वळली.

"सर, वजन कमी आहे. हाताला हलकं लागलं. मोजून घ्या."

मोजलं. चिटणिसाने कपाळावर हात मारला. नियमाप्रमाणे चिमीला आणखी एक उचल मिळाली, थोड्या वेळाने. पाचची, अडीचची काढून तराजूने दहाची चढवली, पुन्हा पुन्हा मोजली. तिने बार खांद्यापर्यंत आणला. वर ढकलला तेव्हा कोपर वाकलं आणि सगळं लोखंड तिच्यामागे धाडकन पडलं.

हॉल रिकामा झाला. तराजू प्लेटा उतरवत होता. चिमी दुसऱ्या टोकाला येऊन बसली आणि तिकडच्या उतरवू लागली.

"तुझ्या हाताला बरं कळलं," तो म्हणाला. वर बघायची हिंमत नव्हती.

"हाताला कुठलं कळतंय! मला वाटलं, आज अंगात बळ आलंय. खूश होते हो मी, बाबा." तिने दहाची प्लेट खाली ठेवली. "मग तुमचं तोंड बघितलं."

त्याने आपल्या टोकाची दहाची उतरवली.

"मी गप्प राहिले असते, तर तुम्ही सांगितलं असतंत?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

"ठाऊक होतं," चिमी म्हणाली. "म्हणून मला सांगावं लागलं."