अळंबीचं नाक

वंशवृक्ष रंगवण्यात पेंटरकाकांचं उभं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकाच्या खापरपणजोबांना पाहिलेलं कुणी नसायचं, फोटो तर नसायचाच. मग काका गिऱ्हाइकाचंच नाक उचलून सगळ्या पिढ्यांना चिकटवत. घरचे खूश व्हायचे. "अगदी आमचेच हो!" म्हणायचे.

त्यामुळे संग्रहालयाच्या भिंतीवर सगळ्या सजीवांचा वंशवृक्ष काढायचं काम आलं, तेव्हाही हात आपल्या सवयीनं गेला. इथे गिऱ्हाईक म्हणजे संचालिकाबाई. आणि त्यांचं नाक एकदा पाहिलं की विसरायची सोय नाही. मध्ये उंचवटा, शेंडा खाली वळलेला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी बाईंनी पडदा सरकवला. मासा, बेडूक, गोगलगाय, कोंबडी, घोडा, सगळ्यांना तेच नाक. अळंबीलासुद्धा, आणि तिचं तर सगळ्यांत मोठं.

"गोगलगायीला नाक असतं?" बाई कडाडल्या.

"नसतं?" काकांनी विचारलं. "सगळे एकाच घराण्यातले, असं तुम्हीच म्हणालात. म्हणून मी..."

"शाळेत मला पोपट म्हणायचे! आता अख्खं गाव म्हणेल." बाईंनी पांढऱ्या रंगाचा डबा पुढे सरकवला. "दुपारच्या आत भिंत कोरी करा."

काकांचं वय झालं होतं. गुडघे शिडीला कुरकुरू लागले होते. एवढी भिंत पुन्हा कोण देणार? ब्रश बुडवला खरा, पण हात काही उचलवेना.

तेवढ्यात बाईंची आई नटूनथटून आत आली. तेच नाक, पण लेकीच्या दुप्पट, वर चष्मा. काका मनात म्हणाले, मेलो.

म्हातारीनं भिंत पाहिली. आधी नुसते खांदे हलले. मग ती अशी हसत सुटली, की खुर्ची आणावी लागली.

"अगं, हा बेडूक! तुझा धाकटा मामा, जेवून उठलेला! आणि ही कोंबडी म्हणजे मावशी, भांडायला निघालेली!"

"आई, हे शास्त्र आहे."

"मग? बेडकाशी नातं नाही का आपलं?"

"आहे ना," बाई चाचरल्या. "अळंबीशीही आहे. पेशीच्या आत सगळ्यांची लिपी एकच. पण नाक नाही गं एक!"

"आणि हा मुळाशी ठिपका कसला? याला बरं नाक नाही!"

"ती आपली सगळ्यांची पूर्वज. एकच पेशी."

"तिला लावायचा धीर झाला नाही," काका पुटपुटले.

"एवढीशी बया," म्हातारी भिंतीला म्हणाली, "आणि केवढा पसारा मांडून बसलीस गं!"

बाईंनी ओठ घट्ट दाबून पाहिले. उपयोग झाला नाही. घोड्याकडे नजर गेली आणि त्या फिसकन हसल्या, मग थांबेनातच. काकाही हसू लागले. हातातला ब्रश हलून त्यांच्याच सदऱ्यावर पांढरे शिंतोडे उडत होते, पण शुद्ध कुणाला होती?

"झाकण लावा डब्याला," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "खाली पाटी लिहा. नाकं चित्रकाराची, नाती खरी. फक्त अळंबीचं तेवढं जरा आवरतं घ्या, काका."

"घेतो."

"खबरदार!" म्हातारी खुर्चीतून गरजली. "माझ्यावर गेलेली तेवढी एकच आहे!"