फिरत्या खुर्चीवरची सही

कुंभाराचा अंगठा पुसला गेला होता आणि खुद्द कुंभारालाच त्याचा पत्ता नव्हता. जन्मभर चाकावरची माती त्याच्या बोटांखालून गेली, ती जाता जाता रेषाही घेऊन गेली. त्यानं कागदावर अंगठा उठवला की नुसता काळाकुट्ट चंद्र उगवायचा.

"हा ठसा नाही, डाग आहे," नोटरीवाला वकील कागद खिडकीकडे धरून म्हणाला. "यावर मी शिक्का मारला तर उद्या माझाच शिक्का जप्त होईल."

"अहो, जरा दाबून उठवा की!" कुंभारीण नवऱ्यावर खेकसली. तिची स्वतःची सही केव्हाच झाली होती, त्यामुळे तिला जोर चढला होता.

"दाबू काय आणखी? टेबल करकरायला लागलं!"

"साहेब, मी साक्षीदार आहे," गावचा न्हावी मध्येच घुसला. "जन्मल्यापासून याची दाढी करतोय मी. हा तोच आहे."

"जन्मल्यापासून दाढी?"

"म्हणजे माझ्या हिशेबानं हो!"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट मात्र नव्हती. कुंभाराची बहीण गेली, तिची पोरगी मामाच्या घरी आली आणि चाकाशेजारी गरगर फिरून फिरून अख्ख्या गावाची भिंगरी झाली. आता तिला रीतसर दत्तक घ्यायचं होतं. समोरच्या कोर्टातल्या कारकुनानं बजावलं होतं, की शिक्का मारलेले कागद आज कोर्ट उठायच्या आत आले नाहीत, तर निकाल लागेपर्यंत पोरीला बालगृहात ठेवावं लागेल. 

"अंगठा नको, सही करा," वकील म्हणाला. "कसलीही चालेल. माणूस आपली म्हणून काढतो ती खूण म्हणजे सही. फक्त सगळ्या पानांवर सारखी हवी."

कुंभारानं सरावाच्या कोऱ्या पानांवर पेन धरलं. पहिल्या पानावर पाल मेली. दुसऱ्यावर तिला शिंगं फुटली. तिसऱ्यावर काय झालं ते बघून न्हाव्यानं डोळेच मिटले.

"कागद हलतच नाही, साहेब!" कुंभार रडकुंडीला आला. "मेल्यासारखा पडलाय नुसता. खालचं काही फिरल्याशिवाय माझा हात चालत नाही."

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. वकील पंखा वाढवायला उठला होता, तेवढ्या वेळात भिंगरीनं त्याची फिरती खुर्ची पळवली होती. टेबलाला लाथ मारून ती त्यावर असली फिरली, की कोपऱ्यातल्या फायली वाऱ्यानं उडाल्या आणि न्हाव्याची टोपी खिडकीतून थेट रस्त्यावर गेली.

"उतर खाली, कार्टे!" कुंभारीण धावली.

"थांब!" कुंभार ओरडला. त्याचे डोळे खुर्चीवर खिळले होते. "उतर, पण खुर्ची थांबवू नकोस."

वकिलानं आधी डोक्याला हात लावला आणि मग, काय लहर आली कुणास ठाऊक, त्याच हातानं पाटी शोधून खुर्चीवर ठेवली. सहीची जागा बरोबर मधोमध येईल असा कागद लावला. भिंगरीनं खुर्चीला गिरकी दिली. कुंभार उकिडवा बसला, श्वास धरला, पेन टेकवलं आणि हलकेच आत ओढत नेलं.

खुर्ची थांबली. कागदावर गोगलगाय बसली होती. देखणी, वेटोळी, शेवटच्या वेढ्याला किंचित चिमटलेली. दुसऱ्या पानावर तीच. तिसऱ्यावर तीच.

"जुळ्या बहिणी!" वकील नाचायलाच लागला. नाचता नाचताच त्यानं धपाधप शिक्के मारले. न्हावीही हट्टाला पेटला, "मीपण फिरूनच सही करणार!" त्याला कुंभारिणीनं धपाटा घालून बसवलं.

कागद घेऊन कुंभार, कुंभारीण आणि न्हावी धावत रस्ता ओलांडून कोर्टात गेले; भिंगरी काही खुर्ची सोडेना, म्हणून ती वकिलाकडेच राहिली. कारकून कपाटाला कुलूप लावत होता.

"ही सही आहे की गोगलगाय?" त्यानं चष्मा पुसला. "माझ्यासमोर करून दाखवा."

कुंभारानं खोलीभर नजर फिरवली. सगळ्या खुर्च्या चार पायांच्या, ठोकळ्यासारख्या. 

तोच बाहेर खडखडाट झाला. "बाजूला व्हा! बाजूला!" वकील घामाघूम होऊन आपली खुर्ची रस्त्यावरून ढकलत आणत होता. खुर्चीवर भिंगरी बसली होती, दर खड्ड्याला एक गिरकी घेत, डोक्यावर न्हाव्याची टोपी घालून.

कारकुनासमोर पुन्हा गोगलगाय उमटली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली, कागद जमा करून घेतले आणि शेवटचं म्हणून पोरीकडे वळला.

"बाळ, हे तुझे कोण?"

भिंगरी उभी राहिली, झोकांड्या खात. तिनं डोळे बारीक करून कुंभाराकडे पाहिलं.

"मला दोन दिसतायत," ती म्हणाली. "एक मामा आहे. त्याच्या शेजारचा बाबा."

त्या दोघांच्याही डोळ्यांतून एकदमच पाणी आलं.