न विझणारा कंदील

आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी फुलं येतात, दुपारी मधुमेहावरचे काढे येतात आणि सोमवारी माझं गेमचं परीक्षण येतं. फुलांना सगळ्या जणी हात जोडतात. माझ्या परीक्षणाला फक्त चित्रकलेच्या मोहिनीबाई अंगठा दाखवतात, तोही न वाचता. माझं काही अडत नाही. मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर खेळ शिकवला, खो-खोची पंच म्हणून जिल्हाभर शिट्टी फुंकली. खेळ मैदानावरचा असो की टीव्हीवरचा, त्याला दहापैकी गुण द्यायचा मला अधिकार आहे, असं मी समजते.

हे खूळ शौनकचं. शौनक माझा मुलगा, डब्लिनला असतो. त्याचे बाबा गेले त्या वर्षी दिवाळीला आला तेव्हा त्याने टीव्हीला एक डबा जोडला, माझ्या हातात कंट्रोलर कोंबला आणि म्हणाला, "आई, दर रविवारी आपण दोघं खेळायचं. तू नाशिकहून, मी तिकडून." मला वाटलं, चार रविवारांचा उत्साह. पण तेव्हापासून रविवारी दुपारी मी कुणाच्या बारशालाही जात नाही.

एकटी असताना बाकीचे गेम खेळून बघते आणि मत देते. जुन्यातला काँट्रा मला पसंत आहे. गोळी लागली की मेला, सबब नाही, वशिला नाही. आमच्या खो-खोत हात लागला की बाद, तसंच. नऊ गुण. टेट्रिसमध्ये जिंकायची सोयच नाही, कितीही रचा, शेवटी विटा डोक्यापर्यंत येतातच. पण तो तसं आधीच सांगून टाकतो, म्हणून आठ. नव्यातला एक शेतीचा गेम आहे, फार गाजलेला. त्यात कांदा आठवड्यात तयार होतो आणि दुकानदार कधीही गेलं तरी ठरलेल्या भावाने निमूट घेतो. माझं माहेर लासलगावचं. हा गेम करणाऱ्याला एकदा आमच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगेत उभा करा, मग बोलू. दिसायला गोड, म्हणून पाच. आणि तो गाड्या उडवायचा गेम, ज्यात सिग्नल तोडून सुसाट जाता येतं, त्याला तीन. आमच्या नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी सिग्नल तोडायचा म्हटलं तरी जागा मिळत नाही.

सगळ्यात जास्त गुण मात्र दोन कंदिलांच्या गेमला. दोन छोटे कंदील, एक त्याचा, एक माझा, मध्ये दोरी बांधलेली. दरीतून, पाण्यावरून, वाऱ्यातून दोघांनी मिळून पलीकडे जायचं. हा गेम आम्ही सुरू केला तेव्हा माझा उजवा अंगठा दुखायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वयाने झीज झाली आहे, जपून वापरा. उडीचं बटण दाबायला जायचे आणि अंगठा उशिरा पोचायचा. त्या दिवसांत मी दोन-तीनदा शौनकला म्हणाले, आज नको रे, हात दुखतो. मनात धास्ती वेगळीच होती. हा अंगठा गेला तर माझे रविवार गेले.

आणि काय नवल! एका रविवारपासून मला जमायला लागलं. पाण्यात पडले तरी कंदील नुसता फुरफुरायचा आणि पुन्हा पेटायचा. वटवाघळं अंगावर आली तरी काही होत नसे. मी आनंदाने ग्रुपवर लांबलचक लिहिलं. वय झालं तरी हात शिकतो, हा गेम पडणाऱ्याला हाकलत नाही, पुन्हा उभा करतो, अशी रचना आजवर पाहिली नाही, दहापैकी दहा. त्या दिवशी मोहिनीबाईंनी चक्क वाचलं आणि "तुमचं कौतुक वाटतं" असं लिहिलं. मी दिवसभर हवेत होते.

गेल्या आठवड्यात पडद्यावरची अक्षरं मोठी करावीत म्हणून एकटीच त्या गेमच्या सेटिंगमध्ये शिरले. एका पानावर दोन कंदिलांची चित्रं होती. पहिल्याखाली काही नव्हतं. दुसऱ्याखाली, म्हणजे माझ्या कंदिलाखाली, इंग्रजीत लिहिलं होतं, हा कंदील विझणार नाही. पुढे हिरवी खूण.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग लक्षात आलं. मला कच्चं लिंबू केलं होतं. गल्लीतल्या डब्बा ऐसपैसमध्ये कुणाचं तरी धाकटं भावंड रडायला लागलं की त्याला कच्चं लिंबू म्हणून घेतात. ते पळतं, लपतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, ते सापडलं तरी धरत नाहीत. त्याला वाटतं आपण खेळतोय. मी, ज्योत्स्नाबाई, जिची शिट्टी वाजली की मैदान गप्प व्हायचं, ती इतके महिने कच्चं लिंबू होते, आणि त्याचं जाहीर कौतुकही करून बसले होते. राग आला, लाज वाटली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

रविवारी टीव्हीतून शौनकचा आवाज आल्या आल्या मी विचारलं, "मला कच्चं लिंबू कुणी केलं?"

 तो म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"कळायचं नव्हतं का मला?"

"आई, तू सारखी म्हणायला लागलीस, आज नको, हात दुखतो. मला वाटलं, सतत हरलीस तर तू सोडून देशील."

"सोडलं असतं तर फोन केला असतास."

"फोनवर आपण काय बोलतो? जेवलास का, जेवलीस का, थंडी आहे का. झालं. खेळताना तू भांडतेस, बाबांच्या गोष्टी सांगतेस, शेजारच्यांना नावं ठेवतेस. मला घरी आल्यासारखं वाटतं." मग म्हणाला, "ते जाऊ नये म्हणून केलं गं."

माझा राग तिथेच विरघळला. मी समजत होते, रविवार माझे आहेत आणि तो वेळ काढून माझ्यासाठी येतो. त्यालाही तीच धास्ती होती, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी कुठे जात नाही," मी म्हणाले. "पण ती खूण काढ."

"आई, खूण काढली की तू विझलीस तर माझाही कंदील विझतो. दोघांनाही पहिल्यापासून यावं लागतं."

हे मी पार विसरले होते. माझ्या अंगठ्याची शिक्षा त्याला होणार, हे ऐकून क्षणभर वाटलं, राहू दे ती खूण. पण तसं खेळून पलीकडे पोचले तर तो एकटाच पोचणार होता, मी नुसती दोरीला बांधलेली.

"मग येऊ पहिल्यापासून," मी म्हणाले. "काढ."

त्याने काढली. पहिल्याच ओढ्यात मी पडले आणि दोन्ही कंदील विझले. पुन्हा पडले. "सॉरी हं," मी म्हणाले. "असू दे आई," तो म्हणाला, अगदी मऊ, आजारी माणसाशी बोलतात तसं. मग वटवाघळांनी घेतलं. पुन्हा सॉरी, पुन्हा असू दे. मला वाटायला लागलं, माझा हट्ट चुकला.

मग कसेबसे आम्ही झुलत्या पुलापर्यंत आलो. एवढे लांब त्या दिवशी प्रथमच आलो होतो. पलीकडचा काठ दिसत होता. शौनक श्वास रोखून मोजत होता आणि मी घाईत त्याच्या आधी उडी मारली. दोरीला हिसका बसला आणि दोघंही खाली गेलो.

"आई!" तो असा ओरडला की मी हातातला कंट्रोलर लांब धरला, जणू आवाज त्यातूनच आला. "अगं काय करतेस? मी मोजतोय ना? तीन म्हटल्याशिवाय हलायचं नाही, कितीदा सांगायचं तुला!"

 ओरडून तोच घाबरला होता बहुधा. मी मात्र हसत होते आणि डोळे पुसत होते. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा माझ्यावर चिडला होता.

"ओरडतोस काय?" मी म्हणाले. "तू हळू मोजतोस. लाव परत."